सान इवोच्या पायाशी नऊ दिवस

डीन फादर क्रिसांतोंनी नांग साल्बिंगला सांगितलं होतं, एक पान पुरे. महाविद्यालयाला पंचाहत्तर वर्षं होत होती, नवं माहितीपत्रक निघणार होतं आणि पहिल्या पानावर महाविद्यालयाची ओळख हवी होती. हे काम तिच्याच गळ्यात पडणार हे ठरलेलं होतं. डीन येत, चार-पाच वर्षं बसत आणि बिशप त्यांना दुसरीकडे धाडत. प्राध्यापक म्हणजे दिवसभर कोर्टात स्वतःचा घसा सुकवून संध्याकाळी विद्यार्थ्यांचा सुकवायला येणारे वकील. एकोणचाळीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेलं माणूस एकच, रजिस्ट्रार साल्वासियोन मोंदेहार. सगळं हारो गाव तिला नांग साल्बिंग म्हणे. नांग म्हणजे ताई, मग म्हणणारा सत्तरीचा का असेना.

सुरुवात तिने झरझर लिहिली. सान इवो विधी महाविद्यालय, हारो, इलोइलो, फिलिपीन्स. तीन पाद्री, अकरा विद्यार्थी आणि कॅथेड्रलच्या मागची तांदळाची जुनी कोठी एवढ्यावर सुरू झालेलं. वर्ग संध्याकाळी साडेपाचला भरतात, कारण इथे शिकणारे दिवसा कुठेतरी राबत असतात. शिक्षिका, हवालदार, नगरपालिकेतले कारकून, एका वर्षी तर बर्फाच्या कारखान्याचा मालकही होता. तासाआधी प्रार्थना होते. मग मास्तर विद्यार्थ्यांची कार्डं पत्त्यांसारखी पिसतात, एक ओढतात, ज्याचं निघेल तो उभा राहतो आणि उत्तर येईपर्यंत उभाच राहतो. शनिवारी आंब्याखाली टेबल मांडून गरिबांना फुकट सल्ला दिला जातो. गरीब येतात आणि कोंबडी देऊन जातात, घेणार नाही म्हटलं तरी टेबलाच्या पायाला बांधून जातात. कोंबडीचं तिने लिहिलं आणि खोडलं. फादरांना ते रुचलं नसतं.

मग 'आमच्या परंपरा' असा मथळा टाकला आणि तिचा हात थांबला.

सान इवो हा वकिलांचा संत. जिवंतपणी तो स्वतः वकील होता आणि तरीही देवाने त्याला जवळ केलं, हे हारोच्या बाजारात अजून कुणाला धड पटत नाही. त्याचा सण एकोणीस मेला असतो. त्याआधी नऊ दिवस महाविद्यालयाच्या छोट्या प्रार्थनाघरात त्याची नोवेना म्हणजे रोजची प्रार्थना चालते, आणि त्या वर्षी सनदेच्या परीक्षेला बसणाऱ्यांची डीनच्या सहीशिक्क्याची प्रमाणपत्रं ते नऊ दिवस त्याच्या लाकडी पायांशी ठेवतात. नोवेना संपली की कागद मनिलाला, परीक्षेच्या कार्यालयात जातात. मध्येच कुणी हात लावायचा नाही. पूर्वी एकाने मधल्या दिवशी आपला कागद काढून नेला होता, तो चार वेळा नापास झाला आणि शेवटी विम्याची कामं करू लागला. ही गोष्ट नांग साल्बिंगच दर वर्षी नव्या मुलांना सांगायची. हसत सांगायची, पण विश्वास ठेवून.

या वर्षी पायांशी बारा कागद होते. मनिलाला अकरा पोचले.

बारावा कागद एलेउतेरियो नुफाब्लेचा होता. तेर्यो सत्तावन्न वर्षांचा. एकतीस वर्षं त्याने कोर्टात बेलिफाचं काम केलं होतं, लोकांच्या दारात समन्स घेऊन उभा राहायचा आणि शिव्या खायचा. पाच वर्षांचा अभ्यासक्रम त्याने आठ वर्षांत पुरा केला. कार्ड निघालं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, 'सर, उत्तर मला माहीत आहे, ते येईपर्यंत थांबा.' वर्ग हसायचा, मास्तर थांबायचे, आणि उत्तर बहुतेक वेळा यायचंही. आता तो विधुर होता. मुलगी जेनेफे डब्लिनच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली होती ती फक्त या परीक्षेसाठी.

आणि पुढल्या वर्षीची परीक्षा त्याच्यासाठी नव्हती. काचबिंदूने उजवा डोळा गेला होता. डाव्याने त्याला नळीतून बघावं तसं मधोमध थोडंसं दिसे. डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं की ख्रिसमसपर्यंत निभेल, त्यापुढचं मी बोलणार नाही. हे तोवर हारोत दोघांनाच ठाऊक होतं. एक तेर्यो. दुसरी नांग साल्बिंग, कारण परीक्षेत मोठं अक्षर मिळावं म्हणून जोडायचं डॉक्टरांचं पत्र तिनेच फायलीत लावलं होतं. मुलीला त्याने कळू दिलं नव्हतं. ती परदेशात एकटी, वर लहान पोर, तिला कशाला घोर, असं त्याचं म्हणणं.

अर्ज आता कॉम्प्युटरवरून भरायचे असतात. अकरा जणांनी डीनची सही होताच प्रमाणपत्राचे फोटो काढले, घरी बसून अर्ज भरले आणि मग कागद संताच्या स्वाधीन केले. तेर्योला पडद्यावरचं ते बारीक लिखाण दिसत नव्हतं. त्याने आपला कागद नांग साल्बिंगच्या हातात दिला आणि म्हणाला, माझं तुम्हीच करा, माझ्या हातून चुकायचं. दहा मेला सकाळी तो स्वतः तिच्याबरोबर प्रार्थनाघरात आला आणि त्याने तो कागद दोन्ही हातांनी संताच्या पायाशी ठेवला. फोटो आणि अर्ज नोवेना संपल्यावर करू असं तिने ठरवलं होतं, आजवर कागद तेव्हाच जात आले होते.

अर्जाची मुदत पंधरा मे. दर वर्षी ती महिनाअखेरीस असे, या वर्षी अलीकडे आणली होती. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, ती नोटीस तिनेच फळ्यावर चिकटवली होती. पण मनिलाची मुदत वाढते. एकोणचाळीस वर्षांत ती वाढली नाही असं एकदाही झालं नव्हतं. कधी वादळ, कधी निवडणूक, कधी नुसतीच दया. तरी तेरा तारखेला ती प्रार्थनाघरात गेली. दुपारची वेळ होती, आत कुणी नव्हतं. तिने हात पुढे केला. पाच मिनिटांचं काम होतं, कागद काढायचा, फोटो घ्यायचा, परत ठेवायचा. तिला तो विम्याचा माणूस आठवला, तेर्योचे डोळे आठवले, आणि याच्याच बाबतीत संताला दुखवायचं का, असं तिच्या मनात आलं. तिने हात मागे घेतला. मुदत वाढणारच होती.

ती वाढली नाही. वीस तारखेला सकाळी, सण पार पडल्यावर, ती कागद घेऊन कॉम्प्युटरसमोर बसली तेव्हा अर्जाचं पान बंद झालेलं होतं.

फादर क्रिसांतो ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्याच दिवशी मनिलाला विनंतीपत्र लिहिलं, डॉक्टरांचं पत्र जोडलं, चूक महाविद्यालयाची आहे असं स्पष्ट लिहिलं. तेवीस तारखेला दोन ओळींचं उत्तर आलं. एकाला सूट दिली तर सर्वांना द्यावी लागेल. फादरांनी विचारलं की तेर्योला तुम्ही सांगता का मी सांगू. मी सांगते, ती म्हणाली. फादर धर्मप्रांताच्या बैठकीसाठी सेबूला गेले आणि जाताना त्या एका पानाची आठवण करून गेले.

आणि तिने सांगितलं नाही. याचं काही समर्थन नाही आणि तिच्यापाशीही नव्हतं. चोवीस तारखेला तेर्यो आला तेव्हा त्याला सर्दी झाली होती, आजारी माणसाला काय सांगायचं. पंचवीसला रविवार. सव्वीसला तो सांगत आला की फौजदारी प्रक्रियेचं पुस्तक दुसऱ्यांदा संपलं, आणि इतक्या आनंदात होता की तिची जीभ उचलेना. मग ते जडच होत गेलं. पहिल्या दिवशी सांगायची एकच गोष्ट होती, आठव्या दिवशी दोन झाल्या, अर्ज राहिल्याची आणि ते लपवल्याची.

तो रोज सकाळी सातला येई. वाचनालय वर माडीवर होतं. कठड्याला धरून, पायरी पायाने चाचपून तो चढायचा आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचा, कारण तिथे उजेड चांगला होता. डोक्याला बांधलेला दिवा, हातात भिंग, नाक पानाला टेकलेलं. दुपारी उतरायचा, कार्यालयात बसून डबा खायचा आणि तिला प्रश्न विचारायला लावायचा. ती पुस्तक उघडून विचारायची, तो उत्तरं द्यायचा. साल्बिंगला कायदा येत नव्हता, पण उत्तरं बरोबर होती एवढं तिला पुस्तकावरून दिसत होतं. घरी गेल्यावर ती जेवायला बसायची आणि घास तसाच राहायचा.

दोन जूनला ती त्याच्यासाठी घरून मोलोचं, म्हणजे खिमा भरलेल्या पिठाच्या पुरचुंड्यांचं, सूप घेऊन आली होती. हे आपण का करतोय ते तिला पुरतं कळत होतं. ती वाडग्यात ओतत असताना जेनेफेचा फोन आला. तेर्योला बटणं दिसत नसल्याने तो फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावायचा, त्यामुळे तिला सगळं ऐकू आलं. मुलीला तीन आठवड्यांची रजा मिळत होती, चौदा जूनपासून. ती पोरीला घेऊन येणार होती. दीड वर्षाची ती पोर, आजीचंच नाव ठेवलेली, तेरेसिता. आजोबाने तिला अजून मांडीवर घेतलं नव्हतं.

"शुक्रवारपर्यंत वॉर्डात सांगायचंय, पा. नाहीतर रजा दुसरीला देतील," जेनेफे म्हणाली.

चमच्याने तेर्योने सुपातला एक मोलो वाडग्याच्या कडेला नेला आणि परत सोडला.

"आता नको गं इंदाय," तो म्हणाला. मुलीला तो लाडाने इंदायच म्हणे. "तू आलीस की माझं लक्ष लागणार नाही. ती पोर भिंग पळवेल, दिवा तोडेल. सप्टेंबरात परीक्षा होऊ दे, मग ये. मग तुझा बाप वकील असेल, विमानतळावर पाटी घेऊन उभा राहीन."

मुलगी हसली, थोडी हिरमुसली आणि बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर तो नांग साल्बिंगकडे वळला. "फोनवर रोज दाखवते ती पोरीला, पण त्या एवढ्याशा काचेत मला आता नुसतं कपाळ दिसतं. नाक शोधेपर्यंत ती हलते. मांडीवर बसली तर कशी जवळून बघता येईल. जाऊ दे. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. शुक्रवार चार दिवसांवर होता, फोन तिथेच टेबलावर होता. नांग साल्बिंगने तोंड उघडलं आणि विचारलं, "सूप अळणी नाही ना झालं?"

तो म्हणाला, छान झालंय.

त्या रात्री तिने महाविद्यालयाची ओळख पुरी केली. आमच्या परंपरांमध्ये नोवेनाचं लिहिलं, कागद नऊ दिवस संताच्या पायाशी असतात हे लिहिलं, आणि सेबूहून परतलेल्या फादरांनी दुसऱ्या दिवशी ते पान वाचून एक स्वल्पविरामही बदलला नाही. फक्त निघता निघता विचारलं, तेर्योशी बोललात ना. ती हो म्हणाली. पाद्र्याशी खोटं बोलायची ही तिची पहिलीच वेळ होती आणि ते तिला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं, याचीच तिला जास्त लाज वाटली.

अकरा जूनला महाविद्यालयाच्या परीक्षार्थींची यादी आली. ती दोन दिवस तिच्या खणातच राहिली असती, पण यादी मनिलाच्या संकेतस्थळावरही होती आणि अकरा जणांतल्या एका हवालदारबाईने ती छापून आणून फळ्यावर लावली. नांग साल्बिंग सकाळी पोचली तेव्हा फळ्यापुढे तेर्यो एकटाच उभा होता, भिंग कागदाला लावून. तो एकेक ओळ वरून खाली येत होता, मग पुन्हा वर जात होता.

तिची चाहूल लागल्यावर त्याने मागे न बघता विचारलं, "नांग, जरा बघा हो. 'न'वाले मला सापडत नाहीत. मधल्या चार ओळी माझ्या डोळ्यांतून निसटतायत."

ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिने यादी वाचली, जशी काही तिला ती ठाऊक नव्हती. मोन्सालेनंतर थेट ओर्तालेझ होता.

"तुझं नाव नाही, तेर्यो," ती म्हणाली. "तुझा अर्ज गेलाच नाही. मी पाठवला नाही."

त्याने भिंग खाली घेतलं. ती बोलत राहिली, कारण आता थांबली असती तर पुन्हा कधी सुरू झाली नसती. पंधरा तारीख, वाढेल असं वाटणं, तेरा तारखेला पुढे केलेला आणि मागे घेतलेला हात, बंद झालेलं पान, फादरांचं पत्र, मनिलाच्या दोन ओळी. सगळं सांगितलं. ती रडत होती, पण आवाज तिने सांभाळला.

तेर्यो कार्यालयात आला आणि नेहमीच्या खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "तेराला तुम्ही कागद काढला असता आणि मला कळलं असतं ना, तर मीच तुमच्याशी भांडलो असतो. मी म्हटलं असतं, नांग, तुम्ही माझं वाटोळं केलंत. मीपण हात मागेच घेतला असता. त्याबद्दल मी तुम्हाला काही बोलणार नाही."

ती काहीतरी म्हणू पाहत होती. त्याने हात वर केला.

"मनिलाचं उत्तर कधी आलं?"

"तेवीस मेला."

तो बोटांवर मोजू लागला. बेलिफाला दिवस मोजायची सवय असते. समन्स कधी निघालं, कधी पोचलं, मध्ये किती दिवस गेले, यावर त्याचा जन्म गेला होता.

"एकोणीस," तो म्हणाला. "म्हणजे दोन तारखेला तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"माझ्यासमोर बसला होतात तुम्ही. ती येते म्हणत होती आणि मी नको म्हणालो. तुम्ही ऐकत होतात."

नांग साल्बिंगने मान हलवली, मग त्याला ते दिसलं नसेल असं वाटून तोंडाने हो म्हणाली.

"मी काय वाचत बसलो होतो इतके दिवस?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "परीक्षा गेली ते गेली, नांग. लोकांची जाते. मी किती जणांच्या दारात घर गेल्याचे कागद दिलेत. पण कागद वेळेवर दिला मी. माणसाला जे करायचंय त्याला वेळ मिळावा म्हणून देतात तो कागद."

तेर्योने खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला. जेनेफेला लावून द्या, म्हणाला. डब्लिनला तेव्हा पहाट व्हायची होती, पण मुलगी रात्रपाळीवर होती आणि तिने लगेच उचलला.

त्याने परीक्षेचं थोडक्यात सांगितलं. कागदपत्रांची काहीतरी अडचण झाली, या वर्षी राहिलं. कुणाची चूक ते सांगितलं नाही. मुलगी हळहळली, बापाची समजूत घालू लागली, पुढच्या वर्षी नक्की म्हणाली. तो हो हो करत राहिला. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं की आता मी रिकामाच आहे, तर ती चौदा तारखेची रजा अजून मिळेल का.

"ती दिली रे पा दुसरीला, शुक्रवारीच," जेनेफे म्हणाली. "आता उन्हाळ्यात सगळ्यांना हवी असते. सप्टेंबरचं तू म्हणालास म्हणून विचारलं होतं, तेही नाही. ख्रिसमसला तर नवीन लोकांना सोडतच नाहीत. थेट जानेवारी मिळेल. जानेवारीत मात्र महिनाभर येते, चालेल ना? तोवर ती तुला धावूनही दाखवेल, आता नुसती पडते."

नांग साल्बिंग खुर्चीतून अर्धवट उठली. तिला ओरडून सांगायचं होतं त्या मुलीला, डोळ्यांचं सांगायचं होतं, नोकरी सोडून ये म्हणायचं होतं. तेर्योने तिचा आवाज ऐकला असावा. त्याने चाचपून तिचं मनगट धरलं आणि घट्ट दाबून ठेवलं.

"जानेवारी चांगला," तो फोनमध्ये म्हणाला. "हवा पण बरी असते तेव्हा. पोरीला ऊन लागणार नाही."

मुलीने पोरीसाठी काय आणू नको आणि काय कर याची मोठी यादी सांगितली. त्याने ती सगळी ऐकून घेतली, मध्ये दोनदा हसला. बोलणं संपल्यावर त्याला फोन बंद करायचं बटण सापडेना, म्हणून त्याने तो नांग साल्बिंगपुढे धरला आणि तिने बंद केला.